सल्ल्याच्या खोलीतून सभागृहात

१० नोव्हेंबर १९३८. मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम संततिनियमनाचा ठराव मांडायला उभे राहिले. भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलं होतं. त्या दिवशी ते सभागृहात नव्हते, म्हणून रोहमांनी ते मांडलं. लोकांना संततिनियमनाची माहिती आणि साधनं मिळावीत, सरकारने त्यासाठी पुढाकार घ्यावा, एवढीच मागणी. भाषणात देशाची गरिबी होती, अन्नधान्य होतं, आणि बाईचं शरीरही होतं. बाळंतपणाच्या वेणा पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या तर एका मुलापुढे जायला कुणी तयार झाला नसता, असा त्यातल्या एका युक्तिवादाचा आशय. मतदान झालं. ठरावाच्या बाजूने ११, विरोधात ५२.

मी रसमड़ात राहते. दुर्ग सोडून राजनांदगावकडे निघालं की लगेच आमचं लहानसं स्टेशन येतं. एकीकडे धानाची शेतं, दुसरीकडे स्पंज आयर्नच्या भट्ट्या. भिलाई पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा जी मराठी कुटुंबं इकडे आली, त्यांतलं आमचं एक. माझी नोकरीची वर्षं या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत आणि परिवार परामर्श केंद्रात, समुपदेशक म्हणून गेली. समोर बसलेल्या बाईचं ऐकायचं, तिला माहिती द्यायची आणि निर्णय तिच्यावर सोपवायचा, हे माझं काम. म्हणून त्या ठरावाविषयी वाचलं तेव्हा मला पहिला प्रश्न हा पडला: त्या त्रेसष्ट मतदारांपैकी कितीजणांनी अशा एखाद्या बाईला कधी समोर बसवून विचारलं असेल? आणि असं विचारण्यातच आयुष्य घालवलेलं माणूस सभागृहात गेलं, असं कधी घडलं का?

घडलं. तिचं नाव शकुंतला परांजपे. आणि ज्या १९३८ साली तो ठराव पडला, त्याच साली तिने संततिनियमनाचं काम हाती घेतलं.

तिच्या आधीची वाट रघुनाथ धोंडो कर्व्यांनी पाडली होती. १९२१ साली त्यांनी मुंबईत गिरगावात संततिनियमनाचं केंद्र उघडलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सचा दवाखाना निघाला तोही त्याच वर्षी. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवत. हा प्रचार की नोकरी, अशी निवड पुढे आली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ साली देह ठेवेपर्यंत चालवलं. पत्नी मालतीबाई कमावत होत्या म्हणून ते घर चाललं.

‘समाजस्वास्थ्य’चा वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा भाग मला आमच्या व्यवसायाचा मराठीतला पाया वाटतो. लोक पत्रं लिहीत. जे नवऱ्याला, आईला, वैद्याला विचारता येत नव्हतं ते कागदावर विचारत. कर्वे नीट, शास्त्राला धरून, लाज न बाळगता उत्तर देत. १९३४ च्या सुमाराला त्यांच्यावर अश्लीलतेचा दुसरा खटला झाला तो याच उत्तरांवरून. त्यांचं वकीलपत्र आंबेडकरांनी घेतलं. लैंगिक प्रश्नांना वाहिलेलं मासिक असेल तर त्या प्रश्नांची उत्तरं त्यात का नसावीत, असा त्यांच्या बचावाचा रोख होता. कर्व्यांना दंड झाला. सल्ला देणं हाच त्या काळी गुन्हा ठरला, आणि त्या गुन्ह्याच्या बाजूने उभा राहिलेला वकील चार वर्षांनी तोच विषय ठरावाच्या रूपाने विधानसभेत घेऊन गेला. कर्व्यांची उत्तरं, आंबेडकरांचा युक्तिवाद आणि रोहमांनी मांडलेला ठराव ही मला एकच सलग हकीकत दिसते.

शकुंतलाबाई १७ जानेवारी १९०६ च्या. वडील रँग्लर र. पु. परांजपे, म्हणजे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य, मुंबई इलाख्याचे मंत्री, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, आणि पक्के बुद्धिवादी. महर्षी कर्वे त्यांचे नात्यातले, त्यामुळे महर्षींचे पुत्र र. धों. घरचेच. शकुंतलाबाई केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गणित शिकल्या, लंडनला शिक्षणशास्त्राची पदविका घेतली, जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत नोकरी केली. युरा स्लेप्ट्झॉफ या रशियन चित्रकाराशी लग्न केलं. ते टिकलं नाही. मुलगी १९३८ साली जन्मली, त्या सई परांजपे. आईने मुलीला एकटीने वाढवलं, आणि त्याच काळात पुण्यात हे काम मांडलं.

त्याच्या आदल्या वर्षी, १९३७ साली, प्रभातचा ‘कुंकू’ चित्रपट आला होता. म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावून दिलेल्या तरुण मुलीची ती कथा. त्यात त्या विधुराच्या शिकलेल्या, समाजकार्य करणाऱ्या मुलीची भूमिका शकुंतलाबाईंनी केली. आपल्याहून लहान सावत्र आईचं ऐकून घेणारी, तिची बाजू ओळखणारी मुलगी पडद्यावर उभी करून ही बाई खऱ्या आयुष्यात पुण्यातल्या बायकांचं ऐकायला बसली.

ते काम काय होतं हे बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळत नाही, म्हणून माझ्या खोलीतलं सांगते. बाई एकटी येत नाही. बरोबर सासू असते, नाहीतर नवरा दाराशी असतो. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला सासू उत्तर देते. पहिलं काम म्हणजे सासूला मान राखून बाहेर बसवणं: अम्मा, तुम्ही जरा दम खा, चहा घ्या, मी नाडी-वजन बघते. मग दार लोटायचं. लगेच मुलं किती, शेवटचं बाळंतपण कधी, असं विचारायचं नाही. ते रजिस्टरचे प्रश्न आहेत. आधी झोप लागते का विचारायचं. मग कमरेचं दुखणं निघतं, मग अंगावर जाणं, मग रात्रपाळीहून पिऊन आलेला नवरा. आणि अखेरीला, अगदी उठता उठता, ती जे सांगायला आलेली असते ते निघतं. आमच्याकडच्या बायका छत्तीसगढीत म्हणतात, “दीदी, घर म झन बताबे.” दीदी, घरी सांगू नका.

यानंतरच साधनांचं बोलणं. कॉपर टी बसवली तर पाळीला काय होईल, माला-डी विसरली तर काय करायचं, अंतराची सुई किती महिन्यांनी, ऑपरेशन केलं तर मागे फिरता येणार नाही. नवऱ्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी असते, हेही सांगायचं, आणि ते सांगितल्यावर तिच्या चेहऱ्यावर येणारं अविश्वासाचं हसू पाहायचं. पुष्कळ बायका काहीही न घेता परत जातात. रजिस्टरमध्ये त्या दिवशी शून्य. माझ्या हिशेबी तो दिवस वाया गेलेला नसतो, कारण त्यांतल्या कितीतरी जणी पुढच्या महिन्यात आपल्या पायांनी येतात, आणि जाऊला घेऊन येतात.

१९३८ च्या पुण्यात गोळी नव्हती, तांबी नव्हती. कर्व्यांच्या पिढीकडे होती ती रबरी टोपी आणि तसलीच जुनी साधनं. सरकार पाठीशी नव्हतं, समाज तर नव्हताच. कुलीन घरातल्या बाईने या विषयावर तोंड उघडणं हीच बदनामी. अशा काळात लोकांना भेटून, बोलून, एकेका जोडप्याला समजावत शकुंतलाबाई हे काम करत राहिल्या. मधली काही वर्षं वडील ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त होते, तिकडे त्याही गेल्या. परत आल्यावर पुन्हा तेच काम.

दरम्यान देश बदलला. १९४९ साली मुंबईत धन्वंती रामा राव यांच्या पुढाकाराने भारतीय कुटुंब नियोजन संघटना निघाली. १९५२ साली मुंबईतच आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि जागतिक संघटना जन्मली. त्याच वर्षी भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असं करणारा हा जगातला पहिला देश. ज्या उत्तरांसाठी कर्व्यांना दंड झाला, ती उत्तरं आता सरकारी पत्रकांवर छापून यायची होती.

आणि १९५८ साली शकुंतला परांजपे मुंबई राज्याच्या विधान परिषदेच्या सदस्य झाल्या. ठराव पडला त्याला वीस वर्षं झाली होती. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, सभागृह महाराष्ट्राचं झालं. त्या १९६४ पर्यंत तिथे होत्या. त्यानंतर राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून १९७० पर्यंत राज्यसभेत. १९९१ साली पद्मभूषण. ३ मे २००० रोजी त्या गेल्या.

त्यांच्या आयुष्याकडे पाहताना लोकांना रँग्लरांची मुलगी दिसते, सईची आई दिसते, ‘कुंकू’ दिसतो. मला ती वीस वर्षं दिसतात. इतक्या लोकांची घरातली दुःखं ऐकलेलं माणूस कायदेमंडळात जाऊन बसलं, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली मोठी घटना आहे. वकील सभागृहात पुष्कळ गेले. आमच्या दुर्गने घनश्यामसिंह गुप्तांना नागपूरला मध्य प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष म्हणून पाहिलं. इथले मराठी वकील विश्वनाथ यादव तामस्कर आमदार झाले आणि दुर्गच्या सरकारी महाविद्यालयाला आज त्यांचं नाव आहे. वकिलाकडे भांडण येतं, म्हणजे घरातून बाहेर पडलेलं दुःख येतं. समुपदेशकाकडे घराच्या आत राहिलेलं येतं, आणि राज्यातल्या बहुतेक बायकांचं दुःख त्या आतल्या जागीच असतं.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. संततिनियमनाच्या चळवळीत पहिल्यापासून दोन विचार एकत्र नांदत होते. एक म्हणायचा, किती मुलं हवीत हे बाईने ठरवावं. दुसरा म्हणायचा, देशाला किती आणि कसली माणसं हवीत हे शहाण्यांनी ठरवावं. ना. सी. फडक्यांनी १९२७ साली इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक सुप्रजननाचाच पुरस्कार करतं, आणि त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना आहे. कोण ‘योग्य’ आणि कोण ‘अयोग्य’ हे शब्द त्या पिढीला सहज वापरता येत. शकुंतलाबाईंना मी त्या पिढीतून वेगळं काढत नाही. माणूस सल्ल्याच्या खोलीत बसलं म्हणून काळाच्या वर उठतं असं नाही. पण ती खोली दुसऱ्या विचाराला रोखण्याचं बळ देते, कारण समोरच्या बाईला नाव असतं.

ते बळ कमी पडलं की काय होतं, हे पुढच्या काळाने दाखवलं. साठच्या दशकात कार्यक्रमाची भाषा लक्ष्याची झाली. शिबिरं आली. १९७१ साली केरळातल्या एर्नाकुलमला एका महिन्याच्या शिबिरात साठ हजारांवर पुरुषांच्या नसबंद्या झाल्या आणि देशभर तो आदर्श म्हणून सांगितला गेला. मग आणीबाणी. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. आणि १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक संमत केलं. दोन्ही सभागृहांनी. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झालं नाही.

ही तीन सालं मी एकाखाली एक मांडून पाहते. १९३८: माहिती मिळू द्या, या मागणीला त्या विधिमंडळाने नकार दिला. १९५८: माहिती देण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला त्याच विधिमंडळाने जागा दिली. १९७६: त्याच विधिमंडळाने माहिती आणि होकार दोन्ही अनावश्यक ठरवले. अडतीस वर्षांत नकारापासून सक्तीपर्यंतचा प्रवास झाला, आणि दोन्ही टोकांना एकच उणीव आहे: बाईला कुणी विचारलं नाही.

१९७७ नंतर पुरुषांच्या नसबंदीचं नाव काढायला पुढारी धजेनात आणि सगळा भार बायकांच्या पोटावर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आहे, पुरुष-नसबंदीचं ०.३. कागदावरची लक्ष्यं एप्रिल १९९६ मध्ये केंद्राने रद्द केली. खाली ती दुसऱ्या नावांनी येत राहिली. बैठकीत महिन्याच्या ‘केस’ विचारल्या जात. शून्य लिहिणाऱ्या समुपदेशकाला त्या बैठकीत काय ऐकावं लागतं, ते ज्याने ऐकलं त्यालाच ठाऊक.

आणि आमच्या छत्तीसगढचा नोव्हेंबर २०१४. बिलासपूरजवळ सकरी इथे, बंद पडलेल्या एका रुग्णालयाच्या इमारतीत, ८ तारखेला काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली. पाठोपाठ जिल्ह्यात आणखी शिबिरं झाली. त्या शिबिरांतल्या १३ बायका दगावल्या. बहुतेक गरीब घरच्या, तरुण, मागे लहान मुलं असलेल्या. सर्जन, औषधं, निर्जंतुकीकरण यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आणि लिहायलाच हवं होतं. मी मात्र त्यातला तासांचा हिशेब करत राहिले. एका बाईशी दार लोटून बोलायला मला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात तिथे कितीजणी टेबलावरून उतरल्या असतील? त्यांना कुणी सांगितलं असेल का, की नको म्हणता येतं? १४ सप्टेंबर २०१६ रोजी देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरांची पद्धत बंद करायला सांगितलं, आणि बाईला समजेल अशा भाषेत माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, हे ठासून सांगितलं. न्यायालयाला जे सांगावं लागलं, ते आमच्या व्यवसायाचं पहिलं पान आहे.

शकुंतलाबाईंनंतर ही वाट अगदीच बुजली असं नाही. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत पोलिसांच्या कचेरीत स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्याच वर्षी कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला आणि समुपदेशकाला न्यायालयात अधिकृत खुर्ची मिळाली. पुण्यात डॉ. नीलम गोऱ्हे यांनी स्त्री आधार केंद्र उभं केलं तेही याच काळात. आयुर्वेदाची पदवी घेतलेली ही डॉक्टर, घरातून हाकललेल्या, मारहाण झालेल्या बायकांच्या सल्ल्याचं काम करत राजकारणात आली, २००२ साली विधान परिषदेची सदस्य झाली आणि २०१९ साली त्या सभागृहाची उपसभापती. त्यांच्या पक्षाशी कुणाचं पटो न पटो, वाट तीच आहे: आधी खोली, मग सभागृह.

दोघीही विधान परिषदेतून आल्या, हा मला योगायोग वाटत नाही. दार लोटून ऐकणाऱ्या माणसाची मतपेढी तयार होत नाही. ज्या बाईचं आपण सर्वांत मोठं काम केलं, तीच बाजारात भेटली तर ओळख दाखवत नाही, आणि ते तिचं बरोबर असतं. जे काम गुप्त राहिलं तरच खरं, त्याचा प्रचार कसा करणार? महाराष्ट्राकडे अशा माणसांसाठी परिषदेचं दार आहे. छत्तीसगढला वरचं सभागृहच नाही. इथे नव्वद जागांची विधानसभा, आणि तिथे जायचं तर गावोगाव मतं मागूनच.

तरी मी निराश नाही. छत्तीसगढने २००२ साली मितानिन, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्त्या बायकांचा, कार्यक्रम सुरू केला. देशभरातल्या आशा ताया त्याच्या नंतरच्या. मितान म्हणजे आमच्याकडे जोडलेला, देवासमोर मानलेला मित्र. पारापारांत, म्हणजे वस्तीवस्तीत, अशी एक मैत्रीण असते, जिला कुठल्या घरात चूल पेटली नाही आणि कुठल्या सुनेला तिसऱ्यांदा दिवस गेलेत, हे आकडा कचेरीत पोचण्याआधी माहीत असतं. २०१५ साली बायकांसाठीचं देशातलं पहिलं सखी केंद्र रायपूरला निघालं. २०२३ च्या निवडणुकीत नव्वदांपैकी १९ आमदार बायका निवडून आल्या. ऐकणाऱ्या बायका या राज्यात भरपूर आहेत. त्यांना उमेदवारी मिळत नाही, एवढंच.

म्हणून माझं मागणं पक्षांकडे आहे आणि माझ्या गावातल्या मतदारांकडेही. उमेदवार ठरवताना त्याने किती सभा घेतल्या हे विचारता, तसं विचारा की तो किती घरांत बसून गप्प राहिला आहे. दुर्ग जिल्ह्यातून एखादी मितानिन, परामर्श केंद्रातली एखादी दीदी विधानसभेत पाठवा. आरोग्याच्या अंदाजपत्रकावर चर्चा होईल तेव्हा ती उठून विचारेल, की या आकड्यातल्या किती बायकांना ऑपरेशनच्या आधी नकार देण्याची मुभा होती. हा प्रश्न विचारायला कायद्याची पदवी लागत नाही. तो शिकायला शकुंतलाबाईंना वीस वर्षं लागली, आणि तो आपल्या गावांत रोज, फुकट, शेकडो बायका शिकत आहेत.